पाच नंबरची बरणी

डॉक्टरबाई : थांबा, थांबा. परवा तुम्हीच लिहून दिलंत, ‘लाडोबाचं नाक गेलं, त्याला कामावरून कमी करा.’ आणि आज म्हणता, तो अर्ज फाडा?

प्रशिक्षक : फाडा म्हणजे, माझ्यादेखत फाडा.

डॉक्टरबाई : दुपारी त्याला न्यायला माणसं येताहेत. कारण सांगा.

प्रशिक्षक : कारण सांगितलं तर तुम्ही मलाच कमी कराल.

डॉक्टरबाई : ते ऐकून ठरवीन.

प्रशिक्षक : हे बघा. आपल्या आठ बरण्या. एकीत कॅन्सरच्या पेशंटने वापरलेला मास्क, सातांत निरोगी माणसांचे. कुत्रा पेशंटच्या बरणीपुढे बसला की बिस्किट.

डॉक्टरबाई : मलाच शिकवा आता.

प्रशिक्षक : तर लाडोबा तीन आठवडे पाच नंबरपुढे बसतोय. पाच नंबर निरोगी. मी ‘नाही’ म्हणतो, तो बसतो. मी ओरडतो, तो बसतो. वर माझ्याकडे असा बघतो, की वर्गातला ढ पोरगा मीच.

डॉक्टरबाई : पाच नंबर आहे कुणाचा? वहीत नुसतं ‘निरोगी पुरुष, वय बावन्न’ लिहिलंय.

प्रशिक्षक : मास्क गोळा केले त्या दिवशी एक जण आलाच नाही, मॅडम. सात मास्क हवे होते, होते सहा. म्हटलं, आपण काय मेलोय?

डॉक्टरबाई : म्हणजे?

प्रशिक्षक : बावन्न वर्षांचा निरोगी पुरुष तुमच्यासमोर उभा आहे.

डॉक्टरबाई : अहो! कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या माणसाचाच मास्क? ओळखीच्या वासाला बसणारच ना तो!

प्रशिक्षक : मलाही तेच वाटलं. खोटं कशाला बोलू, आतून सुखावलो. घरी बायको टीव्हीवरून नजर काढत नाही, आणि हा आठ जणांत मला निवडतो! त्या दिवशी घरी जाऊन भांग पाडला. आहेत तेवढ्या केसांचा. पण ‘कुत्रा माझ्या प्रेमात पडलाय’ असं अर्जात कसं लिहिणार? म्हणून लिहिलं, नाक गेलं.

डॉक्टरबाई : कमाल आहे तुमची. मग आज काय झालं?

प्रशिक्षक : आज नाही, काल. काल आत्याबाईला सोडलं बरण्यांवर.

डॉक्टरबाई : ती कुत्री? तुम्हाला दोनदा चावलेली?

प्रशिक्षक : तीनदा. एका वेळचं लाजेने सांगितलं नव्हतं. चार बरण्या हुंगल्या आणि पाचवीपुढे बसली. माझ्यावर गुरगुरली, पण जागची हलली नाही. मॅडम, तिचं काही माझ्यावर प्रेम नाहीये हो.

डॉक्टरबाई : ...बसा आधी. पाणी घ्या. कुत्रा बसला म्हणजे आजार आहेच असं नाही. हे तुम्हीच सांगता ना भेटायला येणाऱ्यांना?

प्रशिक्षक : त्यांना सांगताना फार सोपं जातं.

डॉक्टरबाई : खोकला?

प्रशिक्षक : आहे की, चार महिने. मी कुत्र्यांच्या केसांवर ढकलत होतो.

डॉक्टरबाई : घरी सांगितलंत?

प्रशिक्षक : काय सांगू? ‘अगं, आत्याबाई बसली’? मी घाबरलोय, मॅडम. म्हणून तर तोंड बंद होत नाहीये.

डॉक्टरबाई : कळतंय मला. उद्या सकाळी छातीचा स्कॅन करायचा. फोन मी लावते. घरी तुम्ही सांगा, आजच. आणि हा बघा तुमचा अर्ज, फाडला.

प्रशिक्षक : तीन आठवडे बरोबर उत्तर देत होता बिचारा. मी एक बिस्किट दिलं नाही. आधी त्याची माफी मागून येतो.

(चार महिन्यांनी, त्याच खोलीत.)

डॉक्टरबाई : जिना चढून आलात? सर्जनने काय सांगितलं होतं?

प्रशिक्षक : हळू चढा. त्यांनी फुप्फुसाचा तुकडा काढला, अक्कल होती तेवढीच आहे.

डॉक्टरबाई : नशीब समजा. वाटाण्याएवढी असतानाच सापडली गाठ. आणि खाली काचेला नाक लावून काय चाललं होतं?

प्रशिक्षक : तुम्हीच माझा नवा मास्क ठेवायला सांगितलात ना पाचव्या बरणीत? मग राहवेल का?

डॉक्टरबाई : निकाल स्कॅनच देणार हं. कुत्रा नव्हे.

प्रशिक्षक : हो हो, भेटायला येणाऱ्यांना मीच सांगतो ते.

डॉक्टरबाई : मग? काय केलं लाडोबाने?

प्रशिक्षक : एक, दोन, तीन, चार हुंगल्या. पाचवीत नाक घातलं. मी उरलासुरला श्वास रोखून उभा. आणि पठ्ठ्या सरळ सहावीकडे गेला. मागून आत्याबाई आली, तीही तशीच पुढे.

डॉक्टरबाई : मग डोळे कसले पुसताय?

प्रशिक्षक : काय सांगू, मॅडम. आजवर कुणी माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही, की मला वाईट वाटायचं. आज पहिल्यांदाच बरं वाटलं.