स्मरणार्थ बाकं

अहो, वर्गासाठी देणगी मागत हिंडलं की एक कळतं, जिवंत माणसाच्या नावानं कुणी बाक देत नाही. स्वारगेटजवळच्या आमच्या मोफत वर्गातल्या सगळ्या बाकांवर रंगवलेलं, ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’. पोरं त्यावरूनच अक्षरं शिकली. मोठ्या माणसांच्या नावाआधी ‘कै.’ लावायचं, असंच त्यांना वाटायचं.

कोथरूडचे लेलेकाका स्वतः येऊन फळा देऊन गेले, तेव्हा वर्गातल्या सोनालीनं मोठ्या हौसेनं कार्ड केलं. ‘कै. लेलेकाका, आपले आभार!’

मी सोनालीवर डोळे वटारले. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“थोडी घाई झाली,” म्हणाले. “असू दे. पुढच्या वेळी बाकं देईन.”

पोरांना ‘कै.’चा अर्थ सांगायचं तेव्हा जे राहिलं, ते राहिलंच.

दिवाळीनंतर बाकं आली. घेऊन लेलेकाकांची मुलगी आली होती, एकटीच. ताज्या रंगातलं ‘कै.’ आणि पुढचं नाव मी दोनदा वाचलं.

सोनालीनंही ते वाचलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, “ताई, मी तर बरोबरच लिहिलं होतं. मग तुम्ही तेव्हा का रागावलात?”