क्रेपॉट्सच्या ड्रमरची लय

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या महापौर श्रीमती हेलन क्रोसर, जर्मनीहून अर्धं जग ओलांडून आलेले प्रमुख पाहुणे श्री. योखेन आल्टमायर, व्यासपीठावर बसलेले माझे जुने स्नेही रेक्स ऑलसॉप, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आपले बेकर, आजचे उत्सवमूर्ती लिंडसे नोस्के, पहिल्या रांगेत बसलेल्या श्रीमती बेव्ह ट्रेझाइझ, मागे स्वयंपाकघरात चहाच्या किटल्यांपाशी उभ्या राहून कान इकडे लावलेल्या महिला मंडळाच्या भगिनी, आणि पोर्ट ऑर्मंडच्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो,

महापौरबाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. माझ्या तोंडाची त्यांना कल्पना आहे, म्हणून त्यांनी घड्याळ समोरच ठेवलंय. हेलन, आज थोडं सांभाळून घे. मला ब्याऐंशी वर्षं झाली, आणि आज जे सांगायचं आहे ते सांगायला पुन्हा संधी मिळेलच असं नाही.

लिंडसेबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. या हॉलमध्ये असा एकही माणूस नसेल ज्याने त्याच्या हातचा पाव खाल्ला नाही. बावन्न वर्षं त्याने भट्टी पेटवली. माझी बायको गेली तेव्हा सहा आठवडे दर गुरुवारी त्याने माझ्या दारात दोन पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या करंज्या, ठेवल्या आणि एकदाही दार वाजवलं नाही. आता त्याची मुलगी अँथिया त्याला अ‍ॅडलेडला घेऊन चालली आहे. अँथिया, तू नेतेस ते बरोबरच आहे. पण आम्हाला ते मुळीच आवडलेलं नाही, हेही ऐकून ठेव.

पण योखेनसाहेब पावासाठी आलेले नाहीत. विसरलेली जुनी गाणी शोधत फिरणं हा त्यांचा उद्योग, आणि ते एका तबकडीसाठी आले आहेत.

तरुण मंडळींसाठी सांगतो. १९६६ साली या गावात चार पोरांचा एक बँड होता. नाव होतं ‘द क्रेपॉट्स’, म्हणजे शेवंडी पकडायचे पिंजरे. चौघांचेही बाप बोटीवर, त्यामुळे दुसरं नाव सुचायला कारणच नव्हतं. रेक्स गिटार वाजवायचा. बेसवर जो होता तो पुढे क्वीन्सलंडला निघून गेला. मरे ट्रेझाइझ गायचा. आणि ड्रमवर होता आपला लिंडसे, वय वर्षं वीस, अंगाने काडी, गालावर पीठ.

त्या काळी अशी पोरं गावोगाव होती. सिडनी-मेलबर्नची नव्हे, गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या गावांची. रेक्सने बापाच्या बोटीवरच्या रेडिओची पेटी फोडून त्यातून अ‍ॅम्प्लिफायर तयार केला होता. बाप तीन आठवडे हवामानाचा अंदाज आभाळाकडे बघून बांधत होता. हसू नका. त्या फुटक्या पेटीतून जो आवाज यायचा, तो मी या कानांनी ऐकलाय. आजही सांगताना अंगावर काटा येतो. आमच्या गावात तोवर मोठा आवाज म्हणजे गव्हाच्या कोठारात रिकामी होणारी वॅगन आणि चर्चचा ऑर्गन. आणि इथे ही चार पोरं, ज्यांना मी नाक पुसताना पाहिलेलं, ती असा काही गजर करत होती की वाटावं, हे आपल्या गावातून निघूच कसं शकतं? एवढं मोठं काहीतरी यांच्या आत कुठे बसलं होतं?

त्यांची एकच तबकडी निघाली. शंभर प्रती. तीही कशी? मेथडिस्ट पाळकसाहेबांकडे टेपरेकॉर्डर होता. आजारी माणसांना घरी प्रवचन ऐकवायला ते तो वापरायचे. रविवारी सकाळची प्रार्थना संपल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत तो पोरांना द्यायचं त्यांनी कबूल केलं. अट एकच घातली, गाण्यात ‘बेबी’ हा शब्द चालणार नाही. मरेने चारही ‘बेबी’ काढले आणि त्याला त्या जागी सुचलं ते आजूबाजूच्या शेतांवर लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. म्हणून गाण्याचं नाव पडलं, ‘फाटक लावून जा’. सोडून निघालेल्या मुलीला एक पोरगा सांगतोय की जातेस तर जा, पण मेंढ्या बाहेर पडतील, तेवढं फाटक लाव. योखेनसाहेब म्हणतात की हॅम्बुर्गमध्ये पंचविशीतली पोरं या गाण्यावर नाचतात आणि ध्रुवपद आलं की सगळी मिळून ‘फाटक, फाटक’ म्हणून ओरडतात. पाळकसाहेब आज असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

तर, ऑगस्टमधला रविवार, भर थंडी, दुपारी बारा ते दीड. याच हॉलमध्ये, याच फळ्यांवर त्यांनी ते गाणं भरलं. तिथल्या तिथे फीत मागे गुंडाळून पुन्हा ऐकलं आणि चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. फीत तबकड्या काढायला अ‍ॅडलेडच्या कारखान्यात गेली. दोन महिन्यांनी तबकड्यांचं खोकं आलं. लावून बघतात तर गाणं धावत सुटलेलं. मरेचा आवाज चिरका. तो म्हणाला, “मी असा बोकडासारखा ओरडतो?” रेक्सने कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, फितीवर आहे तेच तबकडीवर आहे. पाळकसाहेबांच्या यंत्रावर फीत पुन्हा लावली, तर तिथेही तेच. मग शहरातल्या रेडिओवर एकदाच ती वाजली आणि निवेदक हसून म्हणाला, ड्रमरला घरी जायची घाई दिसतेय.

झालं. बँडमध्ये लय कोण धरतो? ड्रमर. रेक्स, तू पोस्टासमोर भर रस्त्यात लिंडसेला काय म्हणालास ते मी सांगत नाही. तुला आठवतंय, मला ठाऊक आहे. आणि लिंडसे काय म्हणाला? तो म्हणाला, “मी घाबरलो असेन. माझं मलाच कळलं नसेल.” महिन्याभरात बँड मोडला. ड्रम स्काउटांना देऊन टाकले. मरे पुन्हा कधी गायला नाही. आणि लिंडसे? या हॉलमधल्या प्रत्येक लग्नाचा केक त्याने केला. मागच्या दाराने आणला, टेबलावर ठेवला आणि वाद्यं सुरू व्हायच्या आत मागच्याच दाराने गेला. तुम्ही कुणी पाहिलंय त्याला इथे थांबलेला? मी अठ्ठावन्न वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

आता मागच्या मंगळवारी काय झालं ते सांगतो. मी बेकरीत उभा होतो. योखेनसाहेब आले आणि मला विचारू लागले, तुम्ही त्या वेळी गावच्या वीजघरात होतात ना? हो म्हटलं. ते म्हणाले, “या तबकडीतल्या गिटारचे सूर कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. सगळंच सारख्या मापाने वर चढलंय. माणूस घाबरला तर लय वाढेल हो, पण गिटारच्या तारा कशा घाबरतील? त्या दिवशी विजेचं काही झालं होतं का?”

मंडळी, मी पाव न घेताच घरी गेलो.

तेव्हा आपल्या गावाची वीज आपणच करत होतो. दोन डिझेल इंजिनं आणि आम्ही तीन माणसं आळीपाळीने. रविवारी साडेअकराला दुसरं इंजिन सुरू करायचं हा नियम, कारण बाराच्या सुमारास घरोघरी विजेच्या भट्टीत मेंढीची तंगडी आणि बटाटे जायचे. त्यात ऑगस्ट म्हणजे शेगड्याही लागलेल्या. एका इंजिनाला तेवढं ओझं झेपत नाही. ते बंद पडत नाही, पण हळू चालायला लागतं. आणि इंजिन हळू झालं की त्या विजेवर फिरणारी घड्याळं हळू होतात. टेपरेकॉर्डरही हळू होतो. हळू फिरणाऱ्या यंत्रावर भरलेलं गाणं पुढे नेहमीच्या वेगाने लावलं तर काय होईल? ते धावेल. मग तिथल्या तिथे ऐकलं तेव्हा ठीक का वाटलं? कारण तेव्हाही इंजिन तसंच रखडत होतं.

त्या रविवारी पाळी माझी होती.

सव्वाअकराला हॉलकडून ड्रमचा आवाज आला. वीजघर इथून शंभर पावलांवर. म्हटलं, पाच मिनिटं ऐकून येऊ. त्या मागच्या दारात उभा राहिलो, आणि मरेने तोंड उघडलं. चोवीस वर्षांचा होतो मी. मला एवढंच कळलं की असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं आणि इथून हललो तर मी मूर्ख. पाच मिनिटांचे सव्वादोन तास झाले. दुसरं इंजिन मी विसरलो. अख्खं गाव, त्याचं जेवण, माझी नोकरी, सगळं विसरलो.

परत गेलो तेव्हा एकटं इंजिन कण्हत होतं आणि पन्नासवर हवा तो वेगाचा काटा सत्तेचाळीसवर होता. गावची घड्याळं पाच मिनिटांवर मागे पडली होती. मी काय केलं? नोंदवहीत पन्नास लिहिलं. रात्रभर इंजिनं जरा जास्त वेगाने पळवली आणि सकाळपर्यंत घड्याळं जागेवर आणली. स्टेशनमास्तर चौकशीला आले तेव्हा त्यांनाच ऐकवलं की तुमचं खिशातलं घड्याळ तपासून घ्या. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तुम्ही विचाराल, क्लेम पेंगिली, तू इंजिनांचा माणूस, तबकडी धावतेय म्हटल्यावर तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? पडायला हवा होता. लिंडसे, मी आठवडाभर हाच विचार करतोय. मला ते कळलं नाही हे खरं आहे. पण कळून घ्यायची मला इच्छा नव्हती, हेही खरं असावं. मी काउंटरच्या अलीकडे, तू पलीकडे, एवढी वर्षं.

योखेनसाहेबांच्या यंत्रावर तबकडीचा वेग कमी-जास्त करता येतो. मी त्यांना आकडा दिलाय, पन्नासाला सत्तेचाळीस. अजून मीही ऐकलेलं नाही. म्हटलं, पहिल्यांदा लिंडसेसमोरच ऐकावं. हेलन, घड्याळाकडे बघू नकोस. लावा, साहेब.

(इथे ध्वनिमुद्रिका वाजवण्यात आली. दोन मिनिटं अकरा सेकंद.)

मला जरा पाणी द्या.

मंडळी, मी दारात ऐकलं होतं ते हेच. अगदी हेच. बघा ना, कशी आरामात चाल आहे, दुपारी धक्क्यावरून घरी येणाऱ्या माणसासारखी. एक ठोका इकडचा तिकडे नाही. वीस वर्षांच्या पोराने हे धरून ठेवलं होतं आणि आम्ही त्याला सांगितलं की तू पळालास.

बेव्ह काय म्हणाली ते मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून तिच्या परवानगीने सांगतो. ती या गावात शिक्षिका म्हणून आली तोवर मरेने गाणं सोडलं होतं. पंचेचाळीस वर्षं संसार केला, पण त्याचं गाणं म्हणजे तिच्याकडे ती चिरकी तबकडीच. ती आत्ता म्हणाली, “हा त्याचा आवाज. जेवायला बसल्यावर असाच बोलायचा.” मरेला जाऊन नऊ वर्षं झाली.

रेक्स, तू उभा राहिलास ते बरं केलंस. लिंडसेचा हात धरलास, तेवढं पुरे. त्यालाही कळतंय.

आणि लिंडसे, तू मान खाली घालून जे म्हणालास ते माइकमध्ये आलंय, आता लपवून उपयोग नाही. तू म्हणालास, “म्हणजे मी घाबरलो नव्हतो तर.” नाही रे बाबा. त्या हॉलमध्ये तू एकटाच आपल्या जागेवर होतास.

आभाराचं काम माझ्याकडे आहे. महापौरबाईंचे आभार. जो प्रश्न आम्ही गावकऱ्यांनी विचारायला हवा होता तो परक्या मुलुखातून येऊन विचारणाऱ्या योखेनसाहेबांचे आभार. हॅम्बुर्गच्या पोरांना धावतं गाणंच आवडत असेल तर त्यांनी खुशाल नाचावं, पण तो वेग वीजघराचा आहे एवढं त्यांना सांगा. महिला मंडळाच्या भगिनींचे आभार, चहा पुन्हा गरम करावा लागणार त्याबद्दल.

बोलणाऱ्याने शेवटी म्हणायचं असतं की माझ्याकडून काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आयुष्यभर मी हे वाक्य सहज म्हणत आलो. आज मला ‘असेल’ म्हणता येत नाही. माझ्याकडून चुकलं, लिंडसे. तू इथून निघायच्या आत मला माफ करता आलं तर कर. आणि नाही करता आलं, तरी आज वाद्यं सुरू होतील तेव्हा मागच्या दाराने जाऊ नकोस. इथेच बस.