रुपरावच्या दिलातला शिंगाडा

...अन् मी म्हणते, माणसानं झोपावं, पण किती? जेवता जेवता झोपावं? डोंग्यात, त्या एवढ्याशा नावेत, उभ्या उभ्या झोपावं? आमचे हे, रुपराव! कुहीच्या तलावात शिंगाडे काढाले गेले, वेल ओढाले वाकले, अन् गेले न बाई पाण्यात! संगं शिंगाडे काढणाऱ्या बळीरामनं केस धरून वर काढलं, तं हे म्हणते कसे, "मस्त हलकं हलकं वाटून राहिलं होतं गा..." आता बोला!

आमची पोरगी मिनल, तिनं कोणाचं आयकलंच नाही, धरून नागपूरले नेलं. छातीवर मशीन फिरवली, टीव्हीत दिल दिसलं, अन् तुमाले सांगते बायांनो, दिलाच्या आत गाठ! देठावर! दर ठोक्याले दारापाशी येते, रक्ताची वाट अडवते, वापस जाते... म्हणून हा माणूस पडे, झोप नव्हतीच ते! मी डोळे झाकून घेतले, अन् हे टक लावून, "प्रेमिला, पाह्य वं, शिंगाडाच डोलून राहिला!" आता बोला!

डॉक्टरबाई म्हणे, "एरवी छाती उघडून काढतात, पण यांची फुप्फुसं कमजोर, झेपणार नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊ, फास टाकून देठ धरू, गाठ पिशवीत ओढून घेऊ. तुकडा सुटलाच तर मेंदूत जाऊ नये म्हणून वाटेत जाळ्या लावू." मी पदरात तोंड घालून रडून राहिली, अन् हे विचारते, "जाळीची भोकं बारीक हायेत न जी?"

नेलं आत. दार लागलं. मी देव पाण्यात घालून बसली, चहा ओठाले लागेना, मिनल माह्या हात सोडेना... अन् डॉक्टरबाई बाहेर आली, बरणीत गाठ, अख्खीच्या अख्खी!

हे शुद्धीवर आले तं आवाज कसा, धुक्यातून आल्यासारखा. "पहाटचा तलाव होता वं... डोंगा वल्ह्याबिगर सरकून राहिला, पाणी कोमट, वेल आपल्या मनानं वर येऊन राहिली... अन् कोणीतरी सावकाश, लय सावकाश एक देठ ओढलं... अन् सारं पाणी मोकळं वाहाले लागलं..."

माह्या डोळ्याले पाणी! कपाळावर हात फिरवला, लाडानं इचारलं, "अन् मी होती का जी तिथं?"

"नाही वं," डोळे मिटूनच म्हणते, "लय शांत होतं."

तोंडावर आलं होतं माह्या, सारं आलं होतं... पण डॉक्टरबाईनं बजावून ठेवलं न, महिनाभर ह्याईले कोणी रागवाचं नाही!