कपाटापलीकडच्या मॅडम

चहा घ्या, पण बिसेन मॅडमचं नाव माझ्यासमोर काढू नका. मुर्री गावाकडच्या एका शाळेत आम्ही दोघंही चौथीला शिकवायचो. एकच मोठी खोली, मधे दोन लोखंडी कपाटं उभी केलेली. अलीकडे माझी तुकडी, पलीकडे त्यांची. माझा आवाज पहाडी, तरी कौतुक कोणाचं? मॅडमचं! तिकडे पोरं खदाखदा हसली की इकडे माझ्या पोटात दुखायचं. भागाकार शिकताना हसायचं काय असते, सांगा!

त्या वर्षी वरून फर्मान आलं, शाळेनं आपलं मूल्यमापन आपणच करायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "शिकवण्यात काय सुधारावं, हे ज्यानं त्यानं आपल्या पोरांनाच विचारा." म्हटलं, बरं झालं, आता कळेल कोण किती पाण्यात आहे ते. मॅडमला ऐकू जावं म्हणून मुद्दाम खणखणीत आवाजात विचारलं, "बोला रे, मी आणखी काय केलं तं तुमाले चांगलं समजन?"

मग माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी उठली.

"सर, तुमी थोडं हळू बोलत जा."

मी आतून खूश. म्हटलं, "काऊन वं? जास्तच दमदार आवाज आहे का माझा?"

"हो ना सर. तुमी बोलून राहिले का मॅडमचं आयकूच येत नाही."

कपाटापलीकडचं मॅडमचं हसणं मात्र मला साफ ऐकू आलं.