चांद्याचा बुटका खांब

बँकेच्या परीक्षेतले बार चार्ट मला अजून जमत नाहीत, आणि त्याला जबाबदार आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील.

पिरंगुटच्या क्लासात सरांनी आम्हाला सोपं जावं म्हणून आमच्याच गावांचा चार्ट काढला. कुठल्या गावात किती भात पिकला. आमच्या चांद्याचा खांब सगळ्यात बुटका. मी मूर्खासारखी ते घरी सांगून बसले.

दुसऱ्या दिवशी अण्णा क्लासात हजर. "सर, चांद्यात भात कमी पिकतो हे कुणी सांगितलं तुमाला?"

"अहो, आकडे मनाचे आहेत."

"मनाचेच हायेत तर वाढवा की!"

सरांनी वाढवले. आता भूगावचा खांब सगळ्यात खाली. लगेच भूगावची स्वाती उठली, "सर, मी पण वडलांना बोलावू का?"

तासाभरात सगळे खांब एका उंचीचे झाले. सोडवायला काही उरलंच नाही, आणि परीक्षा तर रविवारी! शेवटी सरांनी वैतागून फळा पुसला, नवा चार्ट काढला आणि खाली गावांऐवजी नुसतं ए, बी, सी, डी लिहिलं.

मागच्या बाकावरून अण्णांनी तो बराच वेळ निरखला.

"सर, खरं सांगा. त्यो बुटका सी म्हंजे आमीच ना?"