मातीत पुरलेले तुकडे

— पेढे राहू देत गं अक्षदा, बस आधी. मेल मी मंगळवारीच पाहिली. भेंडी चिरत होतो, सुमतीचा फोन वाजला — हो, अजून चार्ज करतो मी तो, सवय — बघितलं तर तुमचा पेपर स्वीकारला म्हणून. पहिलं नाव तुझ्या सुमती मॅडमचं, खाली तुझं. बायको जाऊन पाच महिने झाले आणि आता हे. मी भेंडी चिरून संपवली. दुसरं काय करणार?

टिटवाळ्याला काळुरामच्या वाडीत घड उतरवला की केळीची खोडं टाकून देतात, ती आणायचो मीच ना — स्कूटरवर, पाठीवर पाणी गळायचं. तुम्ही दोघी धागे काढायचात, साबुदाण्याच्या स्टार्चला त्यांनी बळकटी आणायचात, शीट दाबायचात. प्लॅस्टिकऐवजी चालेल म्हणून. फक्त मातीत कुजते का, एवढंच बघायचं राहिलेलं. गच्चीवर सहा कुंड्या, दर पंधरा दिवसांनी एक तुकडा उकरायचा, धुवायचा, वाळवून तोलायचा. ती हॉस्पिटलात गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे — तिने विश्वासाने दिलं.

मी गच्चीवर गेलोच नाही. डबा, रिपोर्ट, औषधं — नाही, कारणं कशाला सांगू, वेळ होता मला. जावंसं वाटलं नाही. तिने पलंगावरून विचारलं, 'रवी, किती भरलं?' पाच ग्रॅमचा तुकडा, मी म्हटलं, चार. 'वीस टक्के गेले? खरंच?' — किती दिवसांनी हसली गं ती. मग पुढच्या वेळी तीन पूर्णांक एक. मग दोन. ती वहीत लिहून घ्यायची.

तेराव्यानंतर मी एक उकरला. चार पूर्णांक आठ. म्हणजे कुजलाच नव्हता जवळजवळ. पुन्हा धुतला, वाळवला, तोलला. चार पूर्णांक आठच. आणि त्याच आठवड्यात तू ती वही घेऊन आलीस — आठवतं? 'आकडे बरोबर आहेत ना, काका?' मी मान डोलावली. तू पेपर पाठवलास.

अशी बघू नकोस. तुझी पीएचडीची ॲडमिशन यावर आहे, माहीत आहे मला, म्हणून तर गप्प बसलो — नाही, तेही खोटं. तिचं नाव छापून आलेलं मला बघायचं होतं. तुझा तर विचारही केला नाही मी.

निघ तू आता. कल्याणची गाडी असेल. संपादकांना मी अजून काहीच कळवलेलं नाही.