कंसातल्या दोनाचा लाडू

गनित शिकवावं तं आमच्या मोहोड मॅडमनं, बापा! मी अकोल्याच्या त्याच शाळेत मराठी शिकवतो, म्हनून डोळ्यानं पाह्यलेलं सांगून राहिलो.

आठवीच्या चाचणीत आलतं, ३(x + २) = २१. जवळपास साऱ्या पोरींनी तिनानं x ले गुणलं अन् दोनाले तसंच सोडून देल्लं. लिहिलं काय, तं ३x + २. मुख्याध्यापक भडकले, "उद्या पालकांले बोलवा!"

मॅडम म्हने, "थांबा सर, नुकतीच संक्रांत झाली. आधी तिळगूळ वाटू द्या."

दुसऱ्या दिवशी मीही वर्गात मांगं जाऊन बसलो. मॅडमनं डबा उघडला अन् दर बाकावर फक्त खिडकीकडच्या पोरीले लाडू देल्ला. बाजूची तशीच कोरडी. मंग काय, गलका! वैष्णवी नावाची तोंडाळ पोरगी उठलीच, "मॅडम, आमाले कावून नाही? एकाच बाकावर बसतो ना आमी?"

"दोनाचा आकडाही x संगं एकाच कंसात बसला होता," मॅडम शांतपने म्हनल्या. "त्याले देल्लं का तुमी काही?"

मंग वैष्णवीनंच फळ्यावर ३x + ६ लिहिलं, x पाच आला, अन् राहिलेल्या पोरींलेही लाडू भेटले.

मले वाटलं, झालं. पन मॅडमनं फळ्यावर −(x + २) लिहिलं. "आता कंसाबाहेर उणे हाय. काय होईन?"

वैष्णवीनं घटकाभर फळ्याकडं पाह्यलं अन् बाजूच्या पोरीले कोपर मारलं.

"खाय लवकर! आता दोघींचाही परत घेतात."